उंदरांशी बोलायचा तुझा आवाज

शैला, कावळा लगेच शिवला गं.

गुरुजींनी पिंड मांडला, दोन पावलं मागे सरले, आणि तो कुठून आला कोण जाणे, थेट भातावर येऊन बसला. तुझ्या प्रकाशरावांनी हात जोडले. तुझी दिंडोरीची वहिनी पदरानं डोळे टिपत म्हणाली, "मोकळी झाली बाई. काही राहिलं नव्हतं तिचं." घाटावर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. कुणी तरी लगेच गाडी कुठे लावली आहे ते विचारायला लागलं. मी मागे उभी होते, आणि मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! काही राहिलं नव्हतं? मग माझं उत्तर?

आमच्यात हे कावळ्याचं काही नसतं, तुला ठाऊक आहे. आमच्याकडे बुद्धवंदना घेतात, माणसं येतात, बसतात, जातात. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या कावळ्याला दटावत होते, थांब ना मेल्या जरा, हिचं माझ्याशी बोलणं अर्धं राहिलंय. त्यानं ऐकलं नाही. जन्मभर तुला कसली म्हणून घाई नव्हती, आणि या एका बाबतीत बघ.

शनिवारी संध्याकाळी आपण गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. मी तुला विचारलं होतं, "ही फसवणूक नाही का?" तू ग्लास फळीवर ठेवलास. म्हणालीस, "हे असं उभ्या उभ्या नाही सांगता येत मंगल. सोमवारी बोलू." सोमवारी तू आयसीयूत होतीस. हे असं कुणी करतं का?

तू तिथली पशुवैद्य आणि मी सुपरवायझर. अंबडच्या त्या औषध कंपनीच्या मागच्या अंगाला आपली ती बिनखिडक्यांची इमारत, ॲनिमल हाउस, आणि तिच्यात पिंजऱ्यांच्या रांगा, पांढऱ्या उंदरांच्या. गोळी माणसाच्या पोटात जायच्या आधी यांच्या पोटात जायची. मला कुणी विचारलं, काय करता, तर मी "लॅबमध्ये आहे" म्हणून विषय संपवायचे. तू मात्र हळदीकुंकवाला गेलीस तरी सांगून मोकळी व्हायचीस, "उंदरांना दुखू नये, त्यांनी घाबरू नये, हे बघते." वाण द्यायला पुढे आलेल्या बायका हात जरा मागे घ्यायच्या. तुला त्याचं काही नाही. तू वाण घेऊन, डिश संपवून, वर कॉफी मागायचीस.

उंदीर शेपटीला धरून उचलायचा नाही, हा तुझा पहिला फतवा. त्याआधी आम्ही सगळे शेपटीलाच धरायचो, तशीच पद्धत होती. तू म्हणालीस, आधी तळवे एकमेकांवर चोळा, गरम करा. मग हात पिंजऱ्यात उताणा ठेवा. आणि बोला. काय बोलता त्याला महत्त्व नाही, आवाज रोज तोच हवा. "ये बाळा, ये. काही नाही होत. ये." तापलेल्या लेकराला औषध पाजताना आपण ज्या पट्टीत बोलतो ना, तीच पट्टी. पिंजरे धुणारे आपले रामदासभाऊ पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, म्या घरच्या पोरांना असं कधी बोललो नाय." मी फिसकन हसले. तू मागे उभीच होतीस. म्हणालीस, "मग आज घरी जाऊन बोलून बघा भाऊ."

आणि ते यायचे गं. हे मला शेवटपर्यंत खरं वाटायचं नाही. नवा उंदीर पहिले काही दिवस कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, एखादा कडकडून चावायचा. तुझ्या बोटांवर किती वण होते. चावणाऱ्यावर तुझा विशेष जीव. "याच्या मनात काय आहे ते कळतं तरी," म्हणायचीस. आणि मग एक दिवस तोच चावरा तुझ्या तळहातावर चढून बसायचा आणि मिशा पुसायला लागायचा.

त्यांना वास चालत नाही म्हणून तू डोक्याला तेल लावून यायची नाहीस, पावडर नाही, गजरा तर लांबच. मोगरा म्हणजे तुझा जीव, आणि इतक्या वर्षांत मी तुला एकदा मोगरा माळलेली पाहिली नाही. तू गेलीस त्या दिवशी त्याच मोगऱ्यात तुला पार बुडवून ठेवलं होतं लोकांनी. हिरवी साडी, मळवट, उशाशी उदबत्त्यांचा जुडगा. मी आपली वेड्यासारखी मनात म्हणतेय, अगं बाई, उद्या कामावर कशी जाशील.

दुखतंय हे उंदीर सांगत नाही, ते बघावं लागतं, हेही तुझंच. डोळे अर्धे मिटतात. कान मागे वळतात. गाल सपाट होतात. केस पिंजारून, पाठीचा गोळा करून बसतो. आणि माणूस जवळ आला की उगाच दोन पावलं चालून दाखवतो, मला काही झालं नाही म्हणून. म्हणून तू दाराच्या काचेतून बघायचीस, बाहेर उभी राहून. आणि त्यावरून साहेबांशी तुझी कडाक्याची भांडणं. ऑपरेशन केलेल्या जनावराला दुखण्यावरचं औषध द्यायचं की नाही! साहेब म्हणायचे, "मॅडम, त्यानं रिझल्ट बिघडेल." तू म्हणायचीस, "आणि दुखण्यानं नाही बिघडत? रात्रंदिवस कळा सोसणारं जनावर काय तुमचं नॉर्मल जनावर झालं?" साहेब मग फोन घ्यायचे. पण तू जिंकलीस. उशिरा जिंकलीस, पण जिंकलीस.

रामदासभाऊंच्या त्या यंत्राची गोष्ट मी तुझ्या शोकसभेत सांगणार होते. ऐनवेळी माइक शेजारच्याकडे सरकवला.

आठवतं? एकदा सगळ्या उंदरांचं बिनसलं. खाईनात. वजनं उतरली. डोळ्यांभोवती तो लाल चिकट स्राव यायला लागला. नवी माणसं त्याला रक्त समजून घाबरतात, पण तो ताणानं येतो, हे एव्हाना मीही शिकले होते. दोन माद्यांनी स्वतःची पिल्लं मारली. तू खाद्य तपासलंस, पाणी तपासलंस, एसी तपासलास. काही सापडेना. साहेब म्हणाले, तुम्ही जरा जास्तच हळव्या होताय. मला म्हणशील तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. तू रोज दुपारी त्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसायचीस आणि बाहेर येऊन म्हणायचीस, "यांना काही तरी ऐकू येतंय मंगल. आपल्याला नाही येत."

मग एक दिवस भागातली लाइट गेली. आपल्या खोल्यांना जनरेटर, त्यामुळे तिथे काही फरक नाही. आणि तू धावत आलीस. तू, जी कधी धावली नाहीस! "झोपले गं! सगळे झोपले! लाइट गेल्याबरोबर!" मग आपण दोघी इमारतभर हिंडलो, जनरेटरवर काय नाही ते शोधत. खाद्याच्या स्टोअरमध्ये, गोण्यांच्या मागे, भिंतीत एक एवढंसं यंत्र खोचलेलं. उंदीर पळवायचं. रामदासभाऊंनी स्वतःच्या खिशातून मेन रोडवरून आणलेलं! बाहेरचे उंदीर येऊन गोण्या कुरतडत होते, विष चालत नाही, मांजर चालत नाही, म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. माणसाला ऐकू येत नाही असा कर्कश आवाज ते काढतं, उंदरांना सहन होत नाही, उंदीर पळून जातात. वर जाळी, आणि जाळीपलीकडे आपल्या उंदरांची खोली. त्यांनी कुठे पळून जायचं?

मी हसत सुटले. उंदरांच्या घरात उंदीर पळवायचं यंत्र! हसून हसून भिंतीला टेकले. तू हसली नाहीस. रामदासभाऊ समोर हात जोडून उभे होते. "मॅडम, आपल्याच उंदरांचं खाणं वाचवाया केलं वो." तू यंत्र उपटून पर्समध्ये टाकलंस आणि त्यांना म्हणालीस, "भाऊ, चांगल्यासाठीच केलंत. चला, आता चहा पाजा." साहेबांना तू कधी सांगितलं नाहीस. पण त्या दिवशी चहा पिताना तू एकदम म्हणालीस, "इतके दिवस ओरडत होता तो आवाज, आणि आपण तिथेच डबे खात होतो." मी हसणं आवरलं.

आणि मग वरून तो निरोप आला. ॲनिमल हाउस बंद. चाचण्या आता दुसरीकडे करून घेणार, इमारतीत पॅकिंगचं काम सुरू होणार. उंदरांचं काय? महिन्याअखेर "निकाली काढा." आपण किती ठिकाणी फोन केले. कॉलेजं, दुसऱ्या लॅबा. कुणालाच नको होते. ज्यांच्यावर एकदा प्रयोग झाला ते कुणी घेत नाही, ज्यांच्यावर झाला नाही ते घ्यायला जागा नाही. घरी नेता येत नाहीत, सोडता येत नाहीत. तू शेवटचा फोन ठेवलास आणि नंबरांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकलास.

आणि मग शनिवारी टपरीवर तू मला तुझी योजना सांगितलीस. एकदम ढीगभर नाही, एका पिंजऱ्यातले सोबती तेवढे एकत्र. शेजारच्या खोलीत, बाकीच्यांना कळणार नाही असं. पेटीत त्यांचंच जुनं भुशाचं अंथरूण टाकायचं, म्हणजे घरचा वास येईल. वायू हळूहळू सोडायचा. आणि त्यांना उचलून पेटीत ठेवणारा हात ओळखीचा हवा, आवाज ओळखीचा हवा. "मी उचलेन, तू पेटी बघ," म्हणालीस, जसं काय लग्नातलं वाढप वाटून घेतोय.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच, चारचौघांत बोलले, "म्हणजे इतके दिवस विश्वास बसवला तो कशाला? आज वापरायला? ये बाळा म्हणायचं आणि घालायचं आत? ही फसवणूक नाही का शैला? त्यापेक्षा शेपटीला धर. त्यांना कळू तरी दे काय चाललंय. निदान चावू तरी दे!"

टपरीवाला वळून बघायला लागला. तू म्हणालीस, सोमवारी बोलू.

रविवारी तुझ्या पोटात दुखायला लागलं आणि तू ॲसिडिटीची गोळी घेऊन बसलीस. दुसऱ्याचं दुखणं काचेतून ओळखणारी तू! रात्रीपर्यंत प्रकाशरावांना पत्ता लागू दिला नाहीस. स्वादुपिंडाला सूज आहे, डॉक्टर म्हणाले, आणि ती आता तिथेच न राहता अंगभर पसरलीय.

मी आयसीयूत आले तेव्हा सिस्टर तुला विचारत होती, "मॅडम, एक ते दहामध्ये किती दुखतंय?" तू म्हणालीस, "तीन." खोटारडी! मी बघत होते ना. डोळे अर्धे मिटलेले, गाल आत ओढलेले, गुडघे पोटाशी. आणि मी दिसले तशी तू उशीवर जरा वर सरकलीस, बरं आहे असं दाखवायला. मी म्हटलं, "सिस्टर, हिचं ऐकू नका. हिला नऊ दुखतंय. डॉक्टरांना बोलवा." ती म्हणाली, "तुम्ही कोण, डॉक्टर का?" मी म्हटलं, "नाही, मी उंदीर बघते." ती बघतच राहिली. पण मी हलले नाही. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणि हळूहळू तुझे गुडघे सरळ झाले, कपाळावरची आठी सुटली. तू मला शिकवलंस म्हणून मला तुझं दुखणं दिसलं गं. तुझे उपकार मी फेडले ते तेवढेच, आणि तेही दोन-चार तास टिकले.

बाहेर डॉक्टर प्रकाशरावांना म्हणत होते, तयारी ठेवा. प्रकाशराव मला म्हणाले, "तिला काही सांगू नका हं मंगलताई." आणि परत आत मला पाठवलं, त्यांच्यानं जाववेना.

एसीनं माझे हात गार पडले होते. मी सवयीनं तळवे चोळले. गरम झाल्यावर उताणा हात तुझ्या हाताखाली सरकवला. आणि बोलायला लागले. "काही नाही गं होत. दोन-चार दिवसांचं आहे. बरी होशील. काही नाही होत."

तू डोळे उघडलेस. मास्क बाजूला करायला धडपडलीस. म्हणालीस, "मंगल, हा आवाज मी ओळखते."

तू माझ्याकडे बघत होतीस. तुला सगळं कळलं होतं. कसं नाही कळणार, ती पट्टी तूच लावून दिलेली. मला वाटलं, आता तू हात काढून घेशील. चिमटा काढशील, शिवी देशील, निदान म्हणशील, खरं सांग. तू काहीच केलं नाहीस. माझ्या तळहातावर बोटं मिटून घेतलीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू बोलली नाहीस.

हेच उत्तर होतं का शैला? मी रोज विचारते. तुला बरं वाटलं म्हणून धरलास हात? की दुसरा कुठला हातच नव्हता म्हणून? मला माफ केलंस? की तुला कळलं, की त्या पिंजऱ्यातून तो आवाज कसा ऐकू येतो? एवढं तरी सांगून जायचं. प्रकाशराव सगळ्यांना सांगतात, "शेवटी मंगलताई होत्या जवळ, अगदी शांत गेली." मी मान हलवते. शांत तर आपले उंदीरही असायचे.

काल महिनाअखेर होती.

साहेबांनी बाहेरून एक माणूस बोलावला होता. तो म्हणाला, मोठ्या ड्रममध्ये एकदमच घेऊ, दुपारपर्यंत मोकळे. मी म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. मी असं काही म्हटलं असणार की तो खरंच बाहेर बसला.

पण आत गेल्यावर मी काय केलं, सांगू? मी जाड हातमोजे घातले. तुझ्यावर सूड म्हण. मी ठरवलं होतं, मी फसवणार नाही. शेपटीला धरीन, त्यांना ओरडू दे, चावू दे, काय होतंय ते कळू दे. पहिला पिंजरा उघडला. हातमोजा बघून ते सगळे कोपऱ्यात एकमेकांवर चढले. त्यातला एक मागच्या पायांवर उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. कान मागे, डोळे बारीक झालेले. रामदासभाऊ दारात होते. हळूच म्हणाले, "ताई, नका ना वो."

माझ्यानं नाही झालं. मी हातमोजे काढले. तळवे चोळले, बराच वेळ चोळले, गरमच होईनात. हात उताणा ठेवला. आणि बोलायला तोंड उघडलं तर माझ्या तोंडून तुझा आवाज आला गं. हुबेहूब. "ये बाळा, ये. काही नाही होत." रामदासभाऊंनी तोंड फिरवलं.

तुझ्या योजनेप्रमाणे सगळं केलं. जुना भुसा टाकला, सोबती सोबत ठेवले, वायू हळू सोडला. कुणी धडपडलं नाही. तू असतीस तर दाराच्या काचेतून बघून म्हणाली असतीस, नीट झालं. मला नीट झाल्यासारखं काही वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही, आणि मग घरी येताना पाथर्डी फाट्यावर रिक्षातून उतरले आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. कुणी तरी पाणी दिलं.

संध्याकाळभर मी माझे हात बघत बसले होते. तुझ्या बोटांवर किती वण होते. माझ्या हातांवर एक ओरखडासुद्धा नाही. सगळे आले शैला, हाक मारली तसे आले, तळहातावर चढले, एक तर वाटेत मिशा पुसत बसला. एकानं तरी चावायला हवं होतं गं.